सोलरचं स्वतःचं प्रॉडक्ट बाजारात आणायचंय? सरकारी मदत कुठून, कधी आणि कोणत्या क्रमाने घ्यायची

घरावर पॅनल बसवलं की किती सबसिडी मिळते हे आता सगळ्यांना पाठ झालंय. पीएम सूर्यघरमध्ये २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे जास्तीत जास्त ७८ हजार. पण ज्या पोराने किंवा पोरीने स्वतः काहीतरी बनवलंय, हळद नाहीतर मिरची सुकवायचा सोलर ड्रायर म्हणा, किंवा एकाच पॅनलवर पंपही चालेल आणि पंप बंद असताना कडबाकुट्टीही फिरेल असा कंट्रोलर म्हणा, त्यांनी कुणाचं दार आधी ठोठवायचं हे एका जागी लिहिलेलं सापडत नाही, म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. योजना भरपूर आहेत आणि पैसाही आहे, पण प्रत्येक योजनेला "तुम्ही आत्ता कुठल्या टप्प्यावर आहात" याची अट असते, आणि पायऱ्या उलट्यासुलट्या चढल्या की चांगलं प्रॉडक्ट असूनही माणूस अपात्र ठरतो. कंपनी घाईने काढली म्हणून सीड फंड, म्हणजे सुरुवातीच्या भांडवलाची सरकारी योजना, हुकते, प्रदर्शनात मशीन आधी दाखवलं म्हणून पेटंट हुकतं, मंजुरीच्या आधी खर्च केला म्हणून तो खर्च धरलाच जात नाही.

सरकार मदत करतं म्हणजे नक्की काय करतं

दोन बाजूंनी करतं. एक म्हणजे बनवणाऱ्याला पैसा, लॅब, पेटंटमध्ये सूट. दुसरं म्हणजे घेणाऱ्याला सबसिडी आणि सरकारी खरेदी, म्हणजे बाजारच तयार करून द्यायचा. आपल्याकडे सोलर स्वस्त झालं त्यात या दुसऱ्या बाजूचा हात मोठा आहे. २०१० साली राष्ट्रीय सौर मिशन सुरू झालं तेव्हा २०२२ पर्यंत २० हजार मेगावॅटचं लक्ष्य होतं, ते २०१५ मध्ये १ लाख मेगावॅट केलं. पहिल्या लिलावात सगळ्यात कमी दर युनिटला १०.९५ रुपये आला होता आणि २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडलाच्या लिलावात तोच २.४४ रुपयांवर आला. पॅनलच्या किमती जगभरच पडत होत्या हे खरं, पण सरकारने वर्षानुवर्षं खात्रीची खरेदी दाखवली नसती तर इतके लोक इथे पैसा घालायला आलेच नसते.

छोट्या माणसासाठी यातला धडा असा की फक्त ग्रँटच्या मागे पळू नका, तुमचं गिऱ्हाईक कुठल्या योजनेतून विकत घेऊ शकतं हेही पहिल्या दिवसापासून बघत चला.

आणि पीएलआयच्या, म्हणजे कारखान्यांना उत्पादनावर मिळणाऱ्या प्रोत्साहनाच्या योजनेच्या, बातम्या वाचून हुरळून किंवा खचून जाऊ नका. पहिल्या टप्प्यात ४,५०० कोटी आणि दुसऱ्यात १९,५०० कोटी, हा पैसा मोठमोठे मॉड्यूल आणि सेलचे कारखाने टाकणाऱ्यांसाठी आहे. वर्कशॉपमधून येणाऱ्या माणसाची वाट वेगळी आहे, तीच खाली देतोय.

पायरी १: आधी मोजा

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही पायरी, आणि लोक नेमकी हीच उडवतात. "आमचा ड्रायर लवकर सुकवतो" या वाक्याला ग्रँट मंजूर करणाऱ्या कमिटीपुढे काही किंमत नाही. किती किलो माल घातला, सुरुवातीचा ओलावा किती टक्के, शेवटचा किती, किती तास लागले, त्या दिवशी ऊन किती होतं, आत तापमान किती अंशांवर टिकलं, पंख्याला वीज किती लागली, आणि त्याच दिवशी त्याच मालाचा उघड्यावर टाकलेला ढीग कुठवर सुकला, हे सगळं तारखेनिशी लिहिलेलं पाहिजे. तापमान आणि आर्द्रतेचा साधा डेटा लॉगर फार महाग येत नाही, तो आत ठेवा आणि एक बाहेर ठेवा. ढगाळ दिवसाचे आकडेसुद्धा ठेवा, लपवू नका, उलट पावसाळ्यात काय होतं हे ज्याच्याकडे लिहिलेलं असतं त्याच्यावर कमिटीचा विश्वास लवकर बसतो.

कंट्रोलर असेल तर इनपुट आणि आउटपुट पॉवर, सकाळ-दुपार-संध्याकाळची कार्यक्षमता, मोटर जाम झाली तर काय होतं, डबा उन्हात किती तापतो, हे मोजा.

राहुरी, दापोली, परभणी, अकोला इथल्या कृषी विद्यापीठांत कृषी अभियांत्रिकीचे विभाग आहेत, तिथल्या सरांना भेटून एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रोजेक्टमध्ये तुमच्या मशीनची चाचणी बसते का हे विचारा. बसली तर त्यांना विषय मिळतो आणि तुम्हाला विद्यापीठाच्या नावाचा रिपोर्ट मिळतो.

पायरी २: कुणाला दाखवायच्या आधी पेटंटचा अर्ज

डिसेंबरमध्ये मोशीला किसान प्रदर्शन असतं, बारामतीला कृषी प्रदर्शन असतं, आणि प्रत्येकाला वाटतं की तिथे स्टॉल लावावा, रील टाकावी. लावा, पण अर्ज भरल्यानंतर. एकदा आतली रचना लोकांसमोर उघडी झाली की नावीन्य गेलं असं धरलं जातं, कायद्यात प्रदर्शनासाठी जी सवलत आहे ती केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरतीच आहे, तिच्या भरवशावर राहू नये.

यासाठी सगळं पूर्ण असायची गरज नसते. प्रोव्हिजनल अर्ज भरता येतो, त्यात कल्पना आणि रचना नीट मांडायची, मग पूर्ण स्पेसिफिकेशन द्यायला १२ महिने मिळतात. ऑनलाइन अर्जाची सरकारी फी व्यक्ती, स्टार्टअप, छोटा उद्योग किंवा शिक्षणसंस्था असेल तर १,६०० रुपये आहे, मोठ्या कंपनीला ८,०००. पुढे तपासणीसाठी वेगळा अर्ज लागतो, त्याची मुदत २०२४ च्या नियमांनी ३१ महिन्यांवर आणलीय, आधी ४८ होती, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबू नका. स्टार्टअपला आणि अर्जदारांत एक तरी बाई असेल अशा व्यक्तींच्या अर्जाला जलद तपासणी मागता येते. घरात बहीण किंवा बायको खरोखर या कामात असेल तर तिचं नाव अर्जावर असायलाच हवं, ते तिचं हक्काचंही आहे आणि फायद्याचंही आहे.

मसुदा लिहायला एजंट लागतो, त्याची फी सरकारी फीपेक्षा कितीतरी जास्त असते. डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योग विभागाची) मान्यता असलेल्या स्टार्टअपला एसआयपीपी या पेटंट-मदतीच्या योजनेत फॅसिलिटेटरची, म्हणजे सरकारी यादीतल्या एजंटची, फी सरकार देतं. आपल्या राज्याच्या इनोव्हेशन सोसायटीकडूनही पेटंटच्या खर्चाचा परतावा मिळतो, देशातल्या पेटंटसाठी खर्चाच्या ८० टक्के किंवा २ लाख यातलं जे कमी ते. अर्ज तुमच्या वैयक्तिक नावावर असेल आणि कंपनी नंतर निघाली तर पेटंट कंपनीच्या नावे असाइन करायला विसरू नका, गुंतवणूकदार आणि इन्क्युबेटर (नव्या कंपन्यांना आधार देणारी संस्था) दोघंही तो कागद मागतात.

पायरी ३: प्रोटोटाइपचा पैसा, कंपनी काढायच्या आधी

इथे क्रम फार महत्त्वाचा आहे, जरा नीट वाचा.

केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची निधी-प्रयास नावाची योजना आहे, तिच्यात कल्पनेपासून चालता प्रोटोटाइप बनवायला १० लाखांपर्यंत ग्रँट मिळते आणि व्यक्ती म्हणूनही अर्ज करता येतो. दिल्लीला जावं लागत नाही, प्रयास सेंटरकडे अर्ज जातो, पुण्यातलं व्हेंचर सेंटर आणि आयआयटी मुंबईचं साइन ही त्यातली आपल्या जवळची नावं. नोकरी सोडून पूर्णवेळ यात पडायचं असेल तर निधी-ईआयआर फेलोशिप बघा, महिन्याला ३० हजारांपर्यंत मिळतात.

यानंतरची योजना म्हणजे स्टार्टअप इंडिया सीड फंड. चालून दाखवायला, चाचण्या करायला २० लाखांपर्यंत ग्रँट आणि बाजारात उतरायला ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा कन्व्हर्टिबल, म्हणजे पुढे शेअरमध्ये बदलता येईल अशा, स्वरूपात. पण अट अशी की अर्ज करताना कंपनी काढून २ वर्षांपेक्षा जास्त झालेली नसावी, आणि आधी केंद्र किंवा राज्याच्या दुसऱ्या योजनेतून १० लाखांपेक्षा जास्त पैसा घेतलेला नसावा. म्हणजे ज्याने उत्साहात पहिल्याच महिन्यात प्रायव्हेट लिमिटेड काढली आणि मग दोन वर्षं मशीनच सुधारत बसला, त्याची मुदत त्यातच संपते. म्हणून आधी व्यक्ती म्हणून प्रयासमधून प्रोटोटाइप करा, तो चालायला लागला की कंपनी काढा, मग लगेच सीड फंडला जा. स्पर्धेत मिळालेलं बक्षीस, लॅब वापरायची सोय, स्वस्तातली जागा, संस्थापकाला मिळणारा महिन्याचा भत्ता, हे त्या १० लाखांत धरत नाहीत, तेव्हा स्पर्धांना बिनधास्त उतरा.

सीड फंडचा अर्ज एकाच पोर्टलवर असतो आणि तिथे पसंतीक्रमाने ३ इन्क्युबेटर निवडता येतात. जवळचा म्हणून कुठलाही टाकू नका, ज्याने ऊर्जा किंवा हार्डवेअरमधल्या कंपन्या घेतल्यात असाच निवडा, सॉफ्टवेअरचीच सवय असलेल्या कमिटीला पत्र्याचं, काचेचं आणि वेल्डिंगचं बजेट समजावताना वेळ जातो. अर्जाची खिडकी चालू आहे का, वर्ष कुठलं, हे भरायला बसायच्या आधी पोर्टलवर बघून घ्या, कुठल्याही ग्रँटला हे लागू आहे.

पायरी ४: कंपनी, डीपीआयआयटी, उद्यम

प्रोप्रायटरशिप चालत नाही. प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी किंवा नोंदणी केलेली भागीदारी लागते, मग स्टार्टअप इंडियाच्या पोर्टलवर डीपीआयआयटीची मान्यता मागायची, फी काही नाही. "तुमच्यात नवीन काय" या रकान्यात पायरी १ चे आकडे टाका. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, तीही फुकट आहे आणि आधार-पॅनवर होते, हजार-दोन हजार मागणाऱ्या खाजगी वेबसाइटींपासून लांब राहा.

पायरी ५: टेस्टिंग आणि शिक्के

पॅनल आणि इन्व्हर्टरला बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी सक्तीची आहे. क्रिस्टलाइन सिलिकॉन मॉड्यूलला आयएस १४२८६ आणि सुरक्षेसाठी आयएस/आयईसी ६१७३०, इन्व्हर्टरला आयएस १६२२१, ग्रिडला जोडणाऱ्या इन्व्हर्टरला आयएस १६१६९, म्हणजे लाइन गेली की इन्व्हर्टरने ग्रिडकडे वीज पाठवणं आपोआप बंद केलं पाहिजे, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवाशी खेळ होतो. तुम्ही पॅनल स्वतः बनवत नसाल, विकत घेऊन मशीनला लावत असाल, तर काम हलकं होतं, पण सरकारी योजनेत जायचं असेल तर पॅनल एएलएमएम यादीतलं, म्हणजे केंद्राने मान्य केलेल्या मॉडेलच्या यादीतलं हवं, आणि पीएम सूर्यघर किंवा शेतीपंपांच्या कुसुमसारख्या सबसिडीच्या योजनेत डीसीआर, म्हणजे सेलही भारतात बनलेला आणि मॉड्यूलही. डीसीआर पॅनल महाग पडतं, तुमचं किंमतपत्रक सुरुवातीपासून त्याच भावाने काढा, नाहीतर टेंडरच्या वेळी हिशोब बसत नाही.

केंद्राची मोठी सोलर लॅब म्हणजे गुरुग्रामजवळ ग्वाल पहाडीची राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्था, एनआयएसई. त्याशिवाय एनएबीएलची (लॅबना मान्यता देणाऱ्या मंडळाची) मान्यता असलेल्या खाजगी लॅब आहेत. लॅबला फोन करताना "टेस्ट करायचीय" एवढंच बोलू नका, कुठल्या स्टँडर्डची, किती नमुने, किती दिवस, नापास झालं तर पुन्हा किती पैसे, हे लेखी मागवा. टेस्टिंगच्या खर्चाचाही ८० टक्के किंवा २ लाखांपर्यंतचा परतावा राज्याच्या इनोव्हेशन सोसायटीकडून मिळू शकतो, त्यासाठी बिल कंपनीच्या नावावरच असलं पाहिजे, वडिलांच्या किंवा दुकानाच्या नावावरचं चालत नाही.

पायरी ६: पायलट, म्हणजे खऱ्या जागी बसवून दाखवणं

इथे बरेच जण थांबतात. प्रोटोटाइप झाला, रिपोर्ट आला, आणि पहिलं गिऱ्हाईकच मिळत नाही कारण जो तो विचारतो की आधी कुठे बसवलंय. यासाठी तीन-चार वाटा आहेत.

महाराष्ट्र स्टार्टअप वीकमध्ये निवडलेल्या स्टार्टअपना सरकारी खात्यात प्रत्यक्ष काम करून दाखवायला वर्क ऑर्डर मिळते. सुरुवातीला ती १५ लाखांपर्यंत होती, पुढे २५ लाखांपर्यंत वाढवली. माझ्या मते नव्या माणसासाठी ही राज्यातली सगळ्यात उपयोगी योजना आहे, कारण ग्रँट कुणालाही मिळू शकते पण "अमुक खात्याने आमच्याकडून काम करून घेतलं" हा कागद पुढे प्रत्येक टेंडरला कामाला येतो.

पीएम सूर्यघरच्याच आत नावीन्यपूर्ण प्रकल्पांसाठी ५०० कोटी वेगळे काढलेत, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच्या मार्गदर्शक सूचना आल्या, काम एनआयएसई बघते, प्रकल्प खर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत किंवा ३० कोटी यातलं कमी ते मिळतं. छपरावरच्या सोलरशी संबंधित नवीन तंत्र किंवा नवीन बिझनेस मॉडेल यात बसतं. २०२५ मध्ये त्यांनी स्टार्टअप चॅलेंजही काढलं होतं, पहिलं बक्षीस १ कोटी, दुसरं ५० लाख, तिसरं ३० लाख आणि ५-५ लाखांची दहा. असली चॅलेंजं स्टार्टअप इंडियाच्या पोर्टलवर येतात, तिथे नजर ठेवायची सवय लावून घ्या.

आणि संशोधनाचा भाग जास्त असेल तर नवीन ऊर्जा मंत्रालयाचा आरई-आरटीडी कार्यक्रम आहे. सरकारी आणि ना-नफा संशोधन संस्थांना १०० टक्क्यांपर्यंत, उद्योग आणि स्टार्टअपला ७० टक्क्यांपर्यंत मदत. त्यामुळे एखाद्या सरकारी कॉलेजला किंवा संस्थेला जोडीला घेऊन संयुक्त प्रस्ताव टाकला तर तुमच्या खिशावरचा भार बराच उतरतो, फक्त पेटंटचा हक्क कुणाचा किती हे करारात आधीच लिहून घ्या.

ग्रँट कुठलीही असो, पैसा टप्प्याटप्प्याने येतो. वेगळं बँक खातं ठेवा, प्रत्येक बिल मंजूर हेडखालीच टाका, टप्पा झाला की सीएकडून युटिलायझेशन सर्टिफिकेट घ्या. अर्जात टप्पे लिहिताना "प्रॉडक्ट पूर्ण करणे" असं लिहू नका, "१०० किलो क्षमतेचं युनिट ३० दिवस शेतावर चालवून ओलाव्याच्या नोंदी देणे" असं मोजता येईल असं लिहा, म्हणजे दुसरा हप्ता मागताना वाद होत नाही.

पायरी ७: वर्कशॉपचा कारखाना करताना

ग्रँटवर कारखाना उभा राहत नाही, इथून पुढे कर्ज. सीजीटीएमएसई या छोट्या उद्योगांसाठीच्या सरकारी हमी योजनेवर बँक तारणाशिवाय कर्ज देऊ शकते, एप्रिल २०२५ पासून त्याची मर्यादा १० कोटी केलीय. बँक मॅनेजर तरी जमीन किंवा घर मागत असेल तर या योजनेचं नाव घेऊन लेखी अर्ज द्या, तोंडी नकारावर परत येऊ नका. नवीन छोटा उद्योग असेल तर केंद्राचा पीएमईजीपी हा रोजगार निर्मिती कार्यक्रम किंवा राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, दोन्हीचा रस्ता जिल्हा उद्योग केंद्रातून जातो. ही दोन्ही नवीन युनिटसाठी आहेत, मशिनरी आधी घेऊन मग अर्ज केला की फाइल अडकते.

देशी तंत्रज्ञान व्यावसायिक पातळीवर न्यायचं असेल तर १९९६ पासून टेक्नॉलॉजी डेव्हलपमेंट बोर्ड आहे, प्रकल्पाच्या ५० टक्क्यांपर्यंत सॉफ्ट लोन देतं, साध्या ५ टक्के व्याजाने. बँकेच्या दरापुढे हे फार स्वस्त आहे, पण त्यांना चाललेलं, तपासलेलं तंत्रज्ञानच लागतं, तेव्हा पायरी ५ आणि ६ चे कागद घट्ट करूनच तिथे जा.

पायरी ८: गिऱ्हाइकाच्या सबसिडीत स्वतःला बसवा

ड्रायर घेणारा कोण? मसाला-पापड करणारा बचत गट, हळदवाला, कोकणात आमसूल-फणसपोळी करणाऱ्या बायका. यांना पीएमएफएमई या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांच्या योजनेत पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख मदत मिळते. मग तुम्ही फक्त मशीनचं कोटेशन देऊन मोकळे होऊ नका, त्यांच्या प्रकल्प अहवालात चिकटवता येईल असं दोन पानी तयार करून द्या: क्षमता, किंमत, हंगामात किती माल, किती बचत. जिल्ह्यात या योजनेचे रिसोर्स पर्सन असतात, त्यांना तुमचं युनिट एकदा चालताना दाखवा. नवीन ऊर्जा मंत्रालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये उपजीविकेसाठीच्या विकेंद्रित ऊर्जा साधनांचं धोरण काढलंय, ड्रायर, कोल्ड स्टोरेज, चरखा अशा वस्तू त्याच्या कक्षेत येतात, बँकेशी बोलताना त्याचा उल्लेख करा.

पंपाचा बाजार वेगळा आहे. कुसुम आणि मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत शेतकरी १० टक्के भरतो, अनुसूचित जाती-जमातीचा शेतकरी ५ टक्के. पण तिथे पुरवठादार टेंडरने ठरतात आणि ५ वर्षं देखभाल करावी लागते, नवीन छोट्या कंपनीने एकटीने त्यात उडी मारू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांना काम मिळालंय त्यांना तुमचा कंट्रोलर सुटा भाग म्हणून पुरवा. एका पॅनलवर पंप आणि इतर यंत्रं चालवणारा कंट्रोलर कुसुमच्या सूचनांत युनिव्हर्सल सोलर पंप कंट्रोलर या नावाने आहे, त्याचं स्पेसिफिकेशन उतरवून घ्या आणि त्या मापातच डिझाइन करा. पंप वर्षातून मोजके दिवस चालतो, बाकीचे दिवस पॅनल नुसतं ऊन खात बसतं, त्यामुळे या वस्तूची शेतकऱ्याला खरोखर गरज आहे.

पायरी ९: विक्री आणि वसुली

जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर नोंदणी करा. स्टार्टअपला अनामत रकमेतून सूट असते, आणि गुणवत्तेची अट पाळून अनुभव आणि उलाढालीच्या अटींतही सवलत देता येते, पण ती त्या टेंडरमध्ये दिलीय का हे दर वेळी बघावं लागतं, नसेल तर बिड बंद व्हायच्या आधी लेखी विचारा. केंद्रीय खाती आणि सरकारी कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतला २५ टक्के भाग सूक्ष्म-लघु उद्योगांकडून घ्यायचा असतो, त्यात ३ टक्के महिला उद्योजकांचा आणि ४ टक्के अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकांचा.

पैसे अडकले तर? उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादकाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं असा कायदा आहे, उशीर झाला तर बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं, आणि तक्रार ऑनलाइन टाकता येते. मात्र उद्यमची तारीख पुरवठ्याच्या आधीची हवी. प्रत्येक बिलावर उद्यम नंबर छापा, माल पोचल्याची सही-शिक्क्याची पोच त्याच दिवशी घ्या, आणि पहिल्या ऑर्डरपासूनच सुटे पार्ट्स आणि दुरुस्तीचा माणूस यांचा खर्च किमतीत धरा, सरकारी गिऱ्हाईक असो की बचत गट, मशीन बंद पडल्यावर दोन दिवसांत कुणी आलं नाही तर दुसरी ऑर्डर त्या तालुक्यातून येत नाही.